ऑफिसच्या कामासाठी प्रोग्रॅमेबल माउस घ्यायचाय? आधी या गोष्टी तपासा

एक्सेलमधला आकडा कॉपी करायचा, जीएसटी पोर्टलवर पेस्ट करायचा, पुन्हा एक्सेलमध्ये यायचं. हिशेबाचं काम करणाऱ्यांचा अख्खा दिवस यात जातो. प्रोग्रॅमेबल माउस याच कटकटीवरचा उपाय म्हणून विकला जातो. किंमत मात्र काही शेकड्यांपासून दहा हजार रुपयांच्या आसपास जाते आणि जाहिरातींमध्ये भर असतो तो बटणांच्या संख्येवर आणि डीपीआयवर.

पण कोणाला कुठला माउस उपयोगी पडेल, हे कामावर ठरतं. पुण्यातल्या कात्रजचंच बघा. सातारा रस्ता आणि कात्रज-कोंढवा रस्ता या भागात टॅली-जीएसटीची कामं करणारी छोटी ऑफिसं आहेत, मराठी टायपिंग करून देणारी दुकानं आहेत आणि कंपनीचा लॅपटॉप घेऊन हिंजवडीला जाणारे किंवा घरून काम करणारे आयटीवालेही राहतात. या तिघांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत.

प्रोग्रॅमेबल माउस म्हणजे नेमकं काय?

डग्लस एंगेलबार्ट यांच्या गटानं १९६४ मध्ये बनवलेला पहिला माउस लाकडी होता आणि त्याला एकच बटण होतं. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोमधल्या प्रसिद्ध प्रात्यक्षिकात त्यांनी तीन बटणांचा माउस वापरला. मधलं चाक घरोघरी पोहोचलं ते १९९६ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाउसनंतर.

आज विंडोज मुळात पाच बटणं ओळखतं. डावं, उजवं, दाबलं जाणारं चाक आणि अंगठ्याजवळची दोन. ही शेवटची दोन ब्राउझरमध्ये मागचं आणि पुढचं पान दाखवतात. प्रोग्रॅमेबल माउसमध्ये बटणांची ही कामं बदलता येतात. एखाद्या बटणाला 'कंट्रोल-सी'सारखा एक शॉर्टकट देता येतो किंवा एकामागून एक दाबल्या जाणाऱ्या बटणांची पूर्ण साखळी देता येते. या साखळीला मॅक्रो म्हणतात. बऱ्याच माउसमध्ये एकच बटण एक्सेलमध्ये एक काम आणि ब्राउझरमध्ये दुसरं काम करेल, अशीही सोय असते.

किती बटणं लागतात?

दोन दिवस कागद जवळ ठेवा आणि कुठली कृती परत परत होते ते टिपून ठेवा. बहुतेकांच्या यादीत चार-पाचच गोष्टी येतात. कॉपी, पेस्ट, स्क्रीनचा तुकडा कापणं (विंडोज-शिफ्ट-एस), आधी कॉपी केलेल्या मजकुरांची यादी उघडणं (विंडोज-व्ही), एक्सेलमध्ये पुढच्या शीटवर जाणं (कंट्रोल-पेज डाउन) किंवा टीम्सच्या मीटिंगमध्ये माइक बंद-चालू करणं (कंट्रोल-शिफ्ट-एम).

एवढ्या कामांना अंगठ्याजवळची दोन-तीन बटणं पुरतात. रेझर नागासारख्या माउसवर अंगठ्याखाली बारा बटणं मिळतात, पण ती गेमिंगसाठी बनलेली आहेत. कुठल्या बटणावर काय ठेवलंय हे आठवण्यात वेळ गेला, तर कीबोर्डचा शॉर्टकटच बरा.

टॅली चालवणाऱ्यांनी तर आणखी विचार करावा. टॅलीचा सगळा डोलारा कीबोर्डवर आहे. एफ५ म्हणजे पेमेंट, एफ८ म्हणजे सेल्स, कंट्रोल-ए म्हणजे नोंद मान्य. सरावलेला हात तिथे माउसकडे जातच नाही. त्यामुळे माउसचा खरा फायदा टॅलीच्या बाहेर, म्हणजे पोर्टल, पीडीएफ आणि एक्सेल यांच्यात ये-जा करताना होतो. रुंद शीटवर काम असेल तर आडवं सरकवणारं अंगठ्याचं चाक मिळतंय का ते बघा. लॉजिटेकच्या एमएक्स मास्टर मालिकेत ते असतं.

सर्वात महत्त्वाचा प्रश्न: सेटिंग साठतं कुठे?

याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात बटणांची कामं कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये साठतात. लॉजिटेकचं लॉजी ऑप्शन्स प्लस हे त्याचं उदाहरण. सॉफ्टवेअर नसलेल्या कॉम्प्युटरला तोच माउस लावला, तर तुम्ही ठरवलेली कामं तिथे चालत नाहीत.

दुसऱ्या प्रकारात माउसमध्येच छोटी मेमरी असते. तिला ऑनबोर्ड मेमरी म्हणतात. एकदा घरच्या कॉम्प्युटरवर सेटिंग करून ठेवलं की माउस जिथे लावाल तिथे ते सोबत येतं. लॉजिटेकच्या जी५०२ हीरोसारख्या गेमिंग माउसमध्ये ही सोय असते.

कंपनीचा लॅपटॉप वापरणाऱ्यांचे पैसे इथेच वाया जातात. अशा लॅपटॉपवर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकायला अनेकदा परवानगीच नसते. मग महागडा माउसही साध्या माउससारखाच वापरावा लागतो. म्हणून खरेदीआधी कंपनीच्या आयटी विभागाला दोन प्रश्न विचारा. हे सॉफ्टवेअर टाकता येईल का? आणि यूएसबी रिसीव्हर किंवा ब्लूटूथ माउस चालेल का? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर ऑनबोर्ड मेमरी असलेलाच माउस घ्या.

मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी

मराठी आणि इंग्रजी दोन्हीत टाइप करणाऱ्यांसाठी सर्वात कामाचं बटण म्हणजे भाषा बदलण्याचं. विंडोजमध्ये विंडोज-स्पेस दाबलं की भाषा बदलते. हा शॉर्टकट अंगठ्याजवळच्या बटणाला दिला की एका दाबात काम होतं.

मराठी वाक्यांचे मॅक्रो करताना मात्र एक अडचण येते. ऑनबोर्ड मॅक्रो अक्षरं पाठवत नाही, तो कीबोर्डवरच्या बटणांचे क्रमांक पाठवतो. त्यातून कुठलं अक्षर उमटेल हे त्या क्षणी चालू असलेल्या भाषेवर ठरतं. इन्स्क्रिप्टमध्ये इंग्रजी 'एच'च्या जागी 'प' असतो. त्यामुळे इन्स्क्रिप्टमध्ये रेकॉर्ड केलेला मॅक्रो इंग्रजी चालू असताना दाबला, तर कागदावर निरर्थक इंग्रजी अक्षरं उमटतात.

यावर सोपा उपाय आहे. सेटिंगमध्ये जाऊन विंडोजची क्लिपबोर्ड हिस्ट्री सुरू करा. नेहमी लागणारी मराठी वाक्यं कॉपी करून तिथे पिन करून ठेवा आणि माउसच्या बटणाला फक्त विंडोज-व्ही द्या. पिन केलेला मजकूर कॉम्प्युटर बंद करून सुरू केला तरी तिथेच राहतो.

डीपीआय, टेबल आणि हात

माउस एक इंच सरकवल्यावर सेन्सर किती हालचाली मोजतो, तो आकडा म्हणजे डीपीआय. फुल एचडी स्क्रीन आडवी १९२० पिक्सेलची असते. १६०० डीपीआयला, वेग वाढवणारी इतर सेटिंग बंद असतील तर, ही स्क्रीन पार करायला माउस फक्त सव्वा इंचाच्या आसपास हलवावा लागतो. त्यामुळे २५,००० डीपीआयसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात ऑफिसकामाचा काही फायदा नाही.

टेबलाकडे मात्र जरूर बघा. अनेक छोट्या ऑफिसांत टेबलावर काच असते आणि साधे ऑप्टिकल माउस काचेवर नीट चालत नाहीत. काचेवर चालणारा सेन्सर असलेले माउस मिळतात, पण ते महाग असतात. एक साधा माउसपॅडही तेच काम करतो.

हाताचा आकारही महत्त्वाचा. मोठा माउस लहान हाताला दिवसभरात जड होतो. उभ्या धाटणीच्या माउसमध्ये मनगट कमी वळतं. लॉजिटेकचा लिफ्ट ५७ अंशांचा आहे आणि तो डावखुऱ्यांसाठीही मिळतो. बाकी बरेच प्रोग्रॅमेबल माउस फक्त उजव्या हाताचे असतात, त्यामुळे डावखुऱ्यांनी हे आधी तपासावं. मनगट सतत दुखत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील, तर नवा माउस घेण्याआधी डॉक्टरांना दाखवावं.

मॅक्रोत काय ठेवू नये?

पासवर्ड अजिबात नको. तो माउस हातात आलेला कोणीही एका बटणात तो टाकू शकतो. छोट्या ऑफिसात एक कॉम्प्युटर तिघेजण वापरतात, तिथे हा धोका जास्त.

आपण जागेवर आहोत असं भासवणारे मॅक्रोही नकोत. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं मे २०२४ मध्ये कीबोर्डवर खोटी हालचाल दाखवल्याच्या कारणावरून डझनाहून जास्त कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं होतं. वेळ वाचवणारा मॅक्रो आणि काम चालू असल्याचा देखावा करणारा मॅक्रो यांतला फरक कंपन्या ओळखतात.

पैसे घालण्याआधी करून बघा

सध्याच्या माउसला बाजूची दोन बटणं असतील आणि कॉम्प्युटर स्वतःचा असेल, तर एक्स-माउस बटण कंट्रोल हे विंडोजसाठीचं मोफत सॉफ्टवेअर टाकून बघा. त्यातून बटणांना प्रत्येक प्रोग्रॅमपुरती वेगळी कामं देता येतात. दोन आठवड्यांत ती बटणं अंगवळणी पडली, तर पुढचा खर्च सार्थकी लागेल. ती वापरलीच गेली नाहीत, तर नऊ-दहा हजारांचा माउसही तसाच पडून राहील.

थोडक्यात, कोणी काय घ्यावं?

- टॅली, जीएसटी, एक्सेलचं काम आणि स्वतःचा कॉम्प्युटर असेल, तर बाजूची दोन बटणं असलेला साधा माउस आणि मोफत सॉफ्टवेअर. शीट फार रुंद असतील तर आडव्या चाकाचा माउस.
- कंपनीचा लॅपटॉप असेल, तर ऑनबोर्ड मेमरी असलेला माउस. घरचा आणि ऑफिसचा असे दोन लॅपटॉप आलटून पालटून वापरायचे असतील, तर दोन-तीन उपकरणांना एकाच वेळी जोडून ठेवता येणारा माउस बघा.
- मराठी टायपिंग असेल, तर एक बटण भाषेसाठी, एक विंडोज-व्हीसाठी. याहून जास्त काही लागत नाही.

शक्य असेल तर तपकीर गल्लीसारख्या बाजारात जाऊन माउस हातात धरून बघा आणि पक्कं बिल घ्या. एकदा दाबल्यावर दोनदा क्लिक होणं हा माउसचा नेहमीचा बिघाड आहे. तो वॉरंटीत दुरुस्त किंवा बदलून घ्यायचा तर बिल लागतंच.