क्लेर्मों-फेराँचा लघुपट-महोत्सव : विद्यार्थिमंडळ आणि नगर

फ्रेंच भाषेत लघुपटास 'कूर मेत्राज' अशी संज्ञा आहे. या संज्ञेतील माप काळाचे नसून मीटरांचे आहे. ३५ मिलिमीटर रुंदीच्या ज्या फितीची लांबी १६०० मीटरांहून अधिक नाही तो लघुपट, अशी शासकीय व्याख्या होती. म्हणजे पडद्यावर तासाभराच्या आत संपणारा. फितीचे युग सरले तरी शब्द टिकला. वस्तू टिकेल किंवा नाही, ही शंका मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दीर्घकाळ होती.

१९४० च्या कायद्याने एकाच खेळात दोन दीर्घपट दाखविण्यास बंदी केल्यामुळे फ्रान्समध्ये मुख्य चित्रपटाच्या जोडीला लघुपट दाखविला जाई. १९५३ साली ही व्यवस्था मोडीत निघाली. त्याच वर्षी डिसेंबरात आलँ रेने, जॉर्ज फ्रांज्यू प्रभृतींच्या 'तिसांच्या गटा'ने निषेध नोंदविला आणि पुढे गुणवत्तेनुसार साहाय्य देण्याची पद्धत रूढ झाली. लघुपट निर्माण होत राहिले. ते पाहणार कोण, हा प्रश्न अनुदानाने सुटण्याजोगा नव्हता. तूर येथे १९५५ पासून भरणारा लघुपट-महोत्सवही सत्तरीच्या दशकात बंद पडला.

या पार्श्वभूमीवर १९७९ साली क्लेर्मों-फेराँ येथील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या चित्रपटमंडळाने लघुपटांचा एक सप्ताह भरविला. हे नगर मध्य फ्रान्समधील निद्रिस्त ज्वालामुखींच्या सान्निध्यात वसलेले. पास्कालचे जन्मस्थान खरे, पण मिशेलिनच्या टायर-कारखान्यांमुळेच अधिक ओळखले जाणारे. चित्रपटव्यवसायाशी त्याचा संबंध प्रेक्षकापुरताच होता, आणि नेमका प्रेक्षकच लघुपटास हवा होता.

१९८१ मध्ये या उपक्रमासाठी स्वतंत्र संस्था निघाली आणि पुढील वर्षी महोत्सवास स्पर्धेचे रूप आले. संस्थेचे नाव 'सोव्ह की प ल कूर मेत्राज' असे ठेवण्यात आले. 'सोव्ह की प' हा पराभूत सैन्यातील पळापळीचा उद्गार. ज्यास शक्य असेल त्याने जीव वाचवावा, हा त्याचा भाव. गोदारने १९८० च्या आपल्या चित्रपटाच्या नावात या उद्गारास 'जीवित' हे कर्म कंसात जोडले होते. विद्यार्थ्यांनी त्या जागी 'लघुपट' घातला. श्लेष विद्यार्थ्यांना शोभणारा आहे. त्यामागील चिंता मात्र थट्टेची नव्हती.

१९८६ मध्ये लघुपटांची बाजारपेठ आणि १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. येथे भाषाभ्यासकाने एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. 'राष्ट्रीय' स्पर्धेचा निकष निर्मितीचा आहे, भाषेचा नव्हे. फ्रेंच निर्मितीचा अरबी भाषेतील लघुपट राष्ट्रीय ठरतो, तर केवळ बेल्जियममध्ये निर्माण झालेला फ्रेंच भाषेतील लघुपट आंतरराष्ट्रीय विभागात जातो. राष्ट्र आणि भाषा यांच्या सीमा एक मानण्याची सवय या वर्गीकरणापुढे टिकत नाही.

नगराशी जडलेले नाते हे या महोत्सवाचे खरे बळ होय. पारितोषिकांत परीक्षकांच्या निवडीबरोबरच प्रेक्षकांच्या मतदानासही स्थान आहे, आणि विद्यार्थ्यांचे परीक्षकमंडळ वेगळे असते. शाळांतील मुलांसाठी खास खेळ होतात. २००० साली उघडलेल्या 'ला जते' या केंद्रातील संग्रह वर्षभर अभ्यासकांस उपलब्ध असतो. क्रिस मार्करच्या १९६२ च्या लघुपटाचेही नाव हेच. सुमारे दीड लाख लोकवस्तीच्या या नगरात महोत्सवाच्या प्रवेशांची संख्याही दीड लाखाच्या वर गेली आहे. हे आकडे प्रवेशांचे आहेत, व्यक्तींचे नव्हेत. तरीही ऐन हिवाळ्यात रांगेत उभे राहणाऱ्यांत व्यावसायिकांहून नगरवासीच अधिक असल्याखेरीज इतकी संख्या भरणार नाही.

२०१६ मध्ये ओव्हेर्न्य प्रदेश रोन-आल्प प्रदेशात विलीन झाला आणि प्रादेशिक सत्तेचे आसन क्लेर्मोंहून लियोंस गेले. २०२३ मध्ये प्रादेशिक परिषदेने महोत्सवाचे अनुदान १,१०,००० युरोंनी घटविले, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आणले. महोत्सव जगभर गाजत असला तरी त्याचा खर्च भागविताना स्थानिक सत्तेवर विसंबावे लागते, ही त्यातील अडचण. जागतिक कीर्ती ही अशा प्रसंगी फारशी उपयोगी पडत नाही. २०२४ चा महोत्सव मात्र नेहमीप्रमाणे हिवाळ्यातच भरला.