पंचिंग

"मावशी, मशीन ठीक आहे, पंचिंगच चुकलंय," ऑपरेटर मुलगी म्हणाली. साडीच्या पदरावर मोर उमटला होता, पण गळ्याचा भराव एकीकडे आणि कड दुसरीकडे. बिर्ला नगरात आम्ही काहीजणी मिळून हे कॉम्प्युटरवर चालणारं भरतकामाचं मशीन वापरतो. नक्षी पेन ड्राइव्हमधून येते, कुठे एक भोक पाडावं लागत नाही. मग पंचिंग कसलं?

या शब्दाचा माग काढत मी पार फ्रान्समधल्या ल्यों शहरापर्यंत गेले. 1804 च्या सुमारास तिथे जॅकार्डने मागाला भोकांची पुठ्ठ्याची कार्डं जोडली. भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलायचा, नसेल तिथे नाही. विणकराच्या ध्यानातली नक्षी अशी पुठ्ठ्यावर उतरली.

भरतकाम मात्र हातातच होतं. 1863 मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने शिफ्ली मशीन काढलं. शिफ्ली म्हणजे छोटी होडी. खालच्या दोऱ्याचा धोटा तसा दिसे. तरी एक कारागीर मोठ्या काढलेल्या नक्षीवर टोक फिरवत बसे, तशी कापडाची चौकट सरके आणि सगळ्या सुया एकदम टाका घालत. शतक संपता संपता त्याचंही काम भोकांच्या कार्डाने घेतलं. पुढे कागदी पट्टी आली, फ्लॉपी आली, पेन ड्राइव्ह आला. भोकं गेली, नाव राहिलं.

आजही सुई जागच्या जागीच वरखाली होते, सरकते ती चौकट. किती उजवीकडे, किती वर, याचा हिशेब मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत आधीच लिहिलेला असतो. पण टाके कापडाला आत ओढतात, पातळ कापडाला जास्तच. तेवढी सूट पंचिंग करणाऱ्याने धरायची असते. आमची नक्षी विकत आणलेली, जाड कापडाच्या हिशेबाने केलेली, आणि साडी होती जॉर्जेटची! करणाऱ्याने आमचं कापड पाहिलंच नव्हतं.

आमची वस्तीच कापडावर उभी राहिलेली. 1921 मध्ये घनश्यामदास बिर्लांनी ग्वाल्हेरात जियाजीराव कॉटन मिल काढली. स्वातंत्र्यानंतर दहाच दिवसांनी, 25 ऑगस्ट 1947 ला, ग्वाल्हेर रेयॉन कंपनीची नोंदणी झाली. तीच पुढे ग्रासिम. आमच्या मशीनवर चकाकणारा दोरा रेयॉनचाच, लाकडाच्या लगद्यातून निघालेला. आम्हा जैनांच्या घरात रेशीम घेताना किड्यांचा विचार मनात येतो, म्हणून मला हा दोरा जवळचा वाटतो.

मिल बंद पडल्या. कापडातलं बारीकसारीक जाणणारे हात रिकामे झाले, कारण माग त्यांचे नव्हते. आज मशीन आमच्या सगळ्यांचं आहे, भाडं आणि दुरुस्ती वाटून घेतो. पण नक्षी बाहेरून विकत आणली, तर अर्धी कला परक्याच्याच हातात राहिली ना? दोरा ओवणं, चौकट ताणून बसवणं, तुटला धागा जोडणं आम्हाला येतं. कारागिराचं डोकं मात्र दोनशे वर्षं त्या भोकांतच साठत आलंय.

म्हणून आता दुपारी दोन तास मशीन थांबवून ती मुलगी आणि मी पंचिंग शिकतोय. मोराचा गळा अजून नीट जमत नाही. परवा तिने पहिल्यांदा साडी हातात घेऊन ओढून पाहिली आणि मगच कॉम्प्युटरपुढे बसली.