आणेवारी, पीक-कापणी आणि यंत्रबुद्धि

पिकाचा अंदाज करणें हें राज्यकारभाराचें फार जुनें काम होय. निजामी अमलांतील परभणी जिल्ह्यांत गांवचें दप्तर पटवाऱ्याच्या हातीं असे. शेजारच्या मुंबई इलाख्यांत पूर्ण पीक १६ आणे धरून त्या मानानें यंदाचें पीक किती, हें ठरवीत, तीच आणेवारी. आंकडा ४ आण्यांखालीं गेला कीं सारावसुली तहकूब व्हावयाची. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत सत्याग्रह झाला तो याच आंकड्यावरून. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांहून कमी. सरकार म्हणे, अधिक. दोन्ही पक्षांचा आधार मुख्यतः नजरेचाच!

नजरेवरील हा भार हलका करण्याचें श्रेय बव्हंशीं सुखात्मे व पानसे या संख्याशास्त्रज्ञांचें. १९४० नंतरच्या दशकांत त्यांनीं पीक-कापणी प्रयोगाची पद्धति रूढ केली. कोणतें शेत कापावयाचें हें अधिकाऱ्यानें ठरवावयाचें नाहीं. यदृच्छेनें निघालेला अंक तें ठरवितो. मग नेमक्या मापाचा तुकडा आंखून, पीक कापून, मळून वजन करावयाचें. माणसाच्या निर्णयाचा एक वाटा तेव्हांच गणिताकडे गेला. पण हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

२०१६ सालीं प्रधानमंत्री पीक विमा योजना आली, आणि तींतही या वजनावर भरपाई अवलंबून राहिली. २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतःच मोबाइलवर पिकाची नोंद करूं लागला. २०२३ च्या खरिपांत महाराष्ट्रानें आणखी एक पाऊल टाकलें. भात, सोयाबीन व कापूस यांच्या उत्पन्नांत ७० टक्के भार कापणी-प्रयोगास व ३० टक्के उपग्रहाच्या अंदाजास दिला. परभणीचें खरीप म्हणजे मुख्यतः सोयाबीन आणि कापूस. तेव्हां ही वांटणी येथील घरोघरच्या हिशेबांत शिरली.

उपग्रहास भीड नाहीं, वशिला नाहीं, हा त्याचा मोठाच गुण. परंतु पावसाळ्याचे ढग साध्या छायाचित्रास आड येतात. रडारनें तें वैगुण्य कांहीं अंशींच भरून निघतें. शिवाय पटवाऱ्याशीं चावडीवर हुज्जत घालतां येत असे. संगणकाच्या अंकाशीं वाद घालावयाचा तर तो कसा निघाला हें आधीं कोणी तरी समजावून सांगावें लागतें, आणि तें काम माणसाचेंच. मंडळाच्या सरासरीवर ठरणाऱ्या भरपाईंत एकट्याचें बुडालेलें शेत दिसत नाहीं, हा दोष मात्र यंत्राच्या माथीं मारतां येणार नाहीं. तो त्याच्या आधींचा आहे.