लसीला विरोध का होतो? १८९७ च्या प्लेगने शिकवलेला धडा

दापोली : गावात लसीकरणाचं पथक आलं की काही घरांची दारं लागतात. “पोराला ताप येतो”, “मोबाईलवर वेगळंच आलंय” अशी कारणं ऐकू येतात. हा विरोध नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगच्या वेळी तो रक्तपातापर्यंत गेला होता.

काय घडलं होतं?
सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. तिथल्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले चाकरमानी मोठ्या संख्येने होते. रुग्णांना जबरदस्तीने नेतात या धास्तीने ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. लाखो लोकांनी मुंबई सोडली. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँड यांनी घरझडतीला गोरे सोजीर लावले. सोजीर थेट घरात शिरायचे, सामान बाहेर काढून जाळायचे. लोक रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या.

विश्वास कोणी कमावला?
लोकमान्य टिळकांचं मूळ गाव आपल्या तालुक्यातलं चिखलगाव. त्यांनी ‘केसरी’तून जुलमावर टीका केली, पण पुण्यात हिंदूंसाठी प्लेग रुग्णालय उभं करण्यातही पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्ण आणत. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला त्यांचं निधन झालं. मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. आगाखान यांनी आपल्या खोजा समाजाची भीती जावी म्हणून सर्वांसमोर लस घेतली. पुढे सरकारलाही सक्ती सैल करावी लागली.

सोजिराला लोक घाबरले, आपल्या माणसाचं त्यांनी ऐकलं. म्हणून आजही लसीची माहिती गावातल्या ओळखीच्या आशाताईंकडून मिळाली तर ती पटते.

लस घेताना हे विचारा
• ही लस कोणत्या रोगासाठी आहे?
• नंतर काय त्रास होऊ शकतो, तेव्हा काय करायचं?
• पुढची लस कधी?

लसीकरणाचं कार्ड जपून ठेवा. टोचल्यावर अर्धा तास तिथंच थांबा. थोडा ताप, टोचल्या जागी दुखणं किंवा सूज सहसा एक-दोन दिवसांत जाते. श्वासाला त्रास, झटके किंवा खूप ताप असेल, तर थांबू नका, लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा किंवा १०८ ला फोन करा.