शिवणे आणि बेतणे

शिवणकामासाठी मराठीत दोन क्रियापदे आहेत आणि त्यांतला भेद आपण हल्ली विसरत चाललो आहोत. शिवणे म्हणजे तुकडे टाक्यांनी जोडणे. बेतणे म्हणजे त्याआधी कापड समोर पसरून, अंगाचे माप मनात धरून, कात्री कुठे चालवायची ते ठरवणे. मनसुब्याला आपण ‘बेत’ म्हणतो तो याच शब्दाच्या घरातला. मोठ्या खंडानंतर घरगुती शिवणकाम यवतमाळसारख्या जिल्ह्यात परतले, असे म्हणताना काय परतले, शिवणे की बेतणे, हे म्हणूनच विचारायला हवे.

यंत्र येण्यापूर्वी अंगरखा, बंडी शिंपी शिवी. लुगडे आणि धोतर यांना तर शिलाईची गरजच नव्हती. घरातल्या बाईची सुई चाले ती गोधडीवर, बाळाच्या झबल्या-टोपड्यावर, कुंचीवर, कधी स्वतःच्या चोळीवर. हे काम गरजेपोटीचे होते खरे. पण बेत तिचा असे. जुन्या लुगड्याचा कोणता भाग विरला आणि कोणता अजून टिकेल, हे तिच्या बोटांना कळे. साहित्याने मात्र तिची फारशी दखल घेतली नाही. नामदेवांनी गज, कात्री आणि सुई-दोरा भक्तीच्या रूपकात आणले, पण ती शिंप्याची अवजारे होती. जात्यावरच्या ओव्यांत भावाने घेतलेली चोळी येते, शिंपीही येतो. घरात शिवत बसलेली बाई क्वचितच. ‘ओवी’ हा शब्द ओवण्यावरूनच आला असे मानले जाते, हे ध्यानात घेतले की ही अनुपस्थिती अधिक जाणवते.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस कमी पडू लागला आणि इथल्या काळ्या मातीला मोल आले. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर ही ‘शकुंतला’ रेल्वेची अरुंद वाट अंथरली गेली तीही कापसासाठीच. कापूस बाहेर जाई, कापड परत येई. म्हणजे वस्त्राचा मोठा बेत तेव्हापासूनच दुसरीकडे ठरू लागला होता.

याच सुमारास, १८५१ मध्ये, आयझॅक सिंगरने आपल्या शिवणयंत्राचे पेटंट घेतले. पुढे आपल्याकडे हे यंत्र स्त्रीच्या स्वावलंबनाचे साधन म्हणूनही पाहिले जाऊ लागले. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सुरू केलेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवण शिकवले जाई, त्यामागे हीच दृष्टी होती. यंत्रसंस्कृतीचे टीकाकार असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला. पत्नीचे कष्ट पाहून, प्रेमापोटी त्याने ते घडवले, असे ते सांगत. सिंगरचे चरित्र या कथेला दुजोरा देत नाही; त्याची नजर नफ्यावर होती. पण कथा टिकली, कारण शिवणयंत्र म्हणजे कष्टी बाईवर केलेली दया, ही कल्पना आपल्याला सोयीची वाटते.

स्वातंत्र्यानंतर ‘उषा’सारख्या देशी यंत्रांनी मध्यमवर्गीय घरात जागा मिळवली. परकर-पोलकी, फ्रॉक, उशांचे अभ्रे घरीच बेतले जाऊ लागले. १९९१ नंतर तयार कपडे स्वस्त आणि मुबलक झाले, तेव्हा अनेक घरांतली यंत्रे झाकणाखाली गेली.

ती पुन्हा बाहेर आली ती वेगवेगळ्या निमित्तांनी. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनंतर केंद्राने १ जुलै २००६ रोजी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. यवतमाळ त्यांपैकी एक. या काळात शेतकरी विधवांना शिलाई मशीन देणे हा मदतीचा रूढ प्रकार झाला. २०२० च्या टाळेबंदीत राज्यभरातील बचत गटांनी मुखपट्ट्या शिवल्या. २०२४ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना आली. शालेय गणवेशाचे कापड मध्यवर्ती पातळीवर आधीच कापले जाणार आणि बचत गटांतल्या स्त्रिया ते फक्त शिवणार, असा तिचा आराखडा होता. गणवेश उशिरा पोचले आणि ते अंगाला बसत नसल्याच्या तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले. बेतणे आणि शिवणे यांची ताटातूट केली की काय होते, याचे इतके सरळ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. समोरच्या मुलाचे माप घेणारा हात आणि कात्री धरणारा हात एकच असावा लागतो.

मदतीचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. यंत्रावर घरे चालतात. पण ज्या जिल्ह्याच्या शेतात कापूस पिकतो, तिथल्या बाईला केवळ टाके घालण्याचे काम देऊन आपण तिला स्वावलंबी म्हणत असू, तर स्वावलंबनाचा अर्थ तपासून पाहावा लागेल. कापड कोणते, माप कोणाचे, मजुरी किती, हे तिने ठरवायचे आहे. तोवर शिवणे परतले एवढेच म्हणता येईल. बेतणे परतायचे आहे.