कदर : एका क्षुद्ररोगाचा इतिहास

'कदर' हा शब्द आपण आज गुणांची जाण या अर्थाने वापरतो. तो अरबीतून फारसीच्या मार्गाने मराठीत आला. त्याच उच्चाराचा एक संस्कृत शब्दही आहे आणि त्याचा अर्थ होतो पायाचे कुरूप. दोन्ही शब्दांचे परस्परांशी काही नाते नाही. तरीही कुरूप काढणाऱ्यांचा इतिहास वाचताना हा योगायोग आमच्या मनातून जाईना. कारण या इतिहासातला कळीचा प्रश्न रोगाचा नसून तो बरा करणाऱ्याच्या कदरीचा आहे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ४४ 'क्षुद्ररोग' सांगितले आहेत आणि कदर त्यांपैकी एक आहे. खड्यांनी पाय दुखावला किंवा काटा रुतला की तळव्याला बोराएवढी कठीण, दुखरी गाठ येते आणि तिच्यात जणू खिळा असतो, असे तिचे वर्णन आहे. उपाय म्हणजे शस्त्राने ती कोरून काढावी आणि तापलेल्या तेलाने ती जागा डागावी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन ग्रंथकार सेल्सस याच व्याधीला 'क्लाव्हस' म्हणतो. त्या लॅटिन शब्दाचा अर्थही खिळाच. वरचेवर खरवडत राहणे हा त्याच्या मते उत्तम उपाय.

दोन दूरच्या भाषांना एकच प्रतिमा सुचावी यात नवल नाही. ज्याने कुरूप घेऊन चार पावले टाकली आहेत, त्याला ती पटेल. पण ही प्रतिमा जितकी नेमकी, तितकीच फसवी आहे. खिळा म्हटला की तो उपटता येईल असे वाटते. वस्तुतः कुरुपाला मूळ नसते. त्वचेवर एकाच जागी पुनःपुन्हा दाब पडला की तिचा शिंगासारखा बाह्य थर जाड होत जातो आणि त्याचा शंकू आत रुतू लागतो. इंग्रजीतला 'कॉर्न' हा शब्द शिंग या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे, तो या दृष्टीने अधिक खरा. शंकू काढला आणि दाब तसाच राहिला, तर कुरूप परत येते. 'मुळासकट काढतो' हे रस्त्यावरच्या वैद्याचे आश्वासन म्हणूनच कधी खरे ठरू शकत नव्हते. आणि त्याच्याकडचे गिऱ्हाईकही म्हणूनच कधी आटत नव्हते.

'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये कॅप्युलेट आपल्या घरच्या समारंभात स्त्रियांची थट्टा करतो, की जी नाचायला नकार देईल तिच्या पायाला कुरूप असले पाहिजे. कुरूप हा असा थट्टेचा विषय होता, आणि ते काढणाराही. लंडनच्या रस्त्यांवर कुरूप कापणारे फिरत. १८५१ मध्ये हेन्री मेह्यू याने शहरातल्या गोरगरिबांच्या धंद्यांची नोंद केली, तेव्हा कुरुपाचे मलम विकणारेही त्याला रस्त्यावरच भेटले. हे काम हलके, शल्यवैद्याने करण्याजोगे नव्हे, अशी समजूत होती. या जगातून वर यायचे, तर कुशल हात पुरेसा नव्हता. ग्रंथ हवा होता.

तो ग्रंथ आला, पण कसा ते पाहण्याजोगे आहे. फ्रान्समध्ये राजाच्या पायांची निगा राखणाऱ्या लाफोरे याने १७८१ मध्ये पायांच्या शुश्रूषेवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. चारच वर्षांनी, १७८५ मध्ये, लंडनच्या डेव्हिड लो याने याच विषयावर इंग्रजी पुस्तक काढले. ते बव्हंशी लाफोरेच्या पुस्तकावरून उचललेले होते. मात्र लोने एका गोष्टीची भर घातली. ती म्हणजे 'किरोपॉडिस्ट' हे नाव. हात आणि पाय या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने ते घडवले आणि कुरूप कापणारा एकाएकी विद्वान वाटू लागला. पुढे दीडशेहून अधिक वर्षे हा व्यवसाय याच नावाने ओळखला गेला.

हा अपवाद म्हणावा, तर दुसरे उदाहरण समोर येते. १८४५ मध्ये लंडनला जॉन आयझेनबर्ग याचे पायाच्या विकारांवरचे पुस्तक निघाले. १८६० मध्ये आयझॅकर झकारी याने अमेरिकेत जवळजवळ तेच पुस्तक स्वतःच्या नावावर छापले. हाच झकारी पुढे अब्राहम लिंकन यांच्या पायांवर उपचार करीत असे. सप्टेंबर १८६२ मध्ये, म्हणजे गुलामांच्या मुक्तीची प्राथमिक घोषणा झाली त्याच महिन्यात, लिंकन यांनी त्याला स्वहस्ते प्रशस्तिपत्र लिहून दिले. यादवी युद्धाच्या काळात राजकीय कामगिऱ्यांवर पाठवण्याइतका त्यांचा त्याच्यावर विश्वास होता.

आम्हाला येथे थांबून विचारावेसे वाटते, की झकारी लबाड होता की कुशल? उत्तर असे, की तो दोन्ही होता. पुस्तक त्याचे नव्हते, हात त्याचा होता. लिंकन यांना आराम मिळाला तो हातामुळे. परंतु हाताची कदर व्हावी म्हणून त्याला पुस्तक दाखवावे लागले. वाङ्मयचौर्याचा निवाडा करताना आपण साहित्याचे अभ्यासक लेखकाची प्रतिष्ठा मोजतो. ज्याला लेखक झाल्यावाचून प्रतिष्ठाच नाही, त्याची अडचण आपल्या हिशेबात येत नाही. यामुळे चोरी क्षम्य ठरत नाही. तिचे कारण मात्र कळते.

पुढे चोरीची गरज उरली नाही. १८९५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आणि १९१२ मध्ये लंडनमध्ये या व्यावसायिकांच्या संस्था स्थापन झाल्या. १९१३ मध्ये लंडनला पायांचे स्वतंत्र रुग्णालय निघाले. शिक्षण, परीक्षा आणि नोंदणी यांनी ग्रंथाची जागा घेतली.

आपल्याकडे सुश्रुताचा ग्रंथ होता, पण गावोगाव हिंडून कुरूप काढणारे हात त्या ग्रंथापासून दूर होते. सुया, पोत आणि बिब्बे विकत दारोदार फिरणाऱ्या वैदिणी आणि झाडपाल्याची औषधे देणारे वैदू जुन्या पिढीला आठवत असतील. पायाच्या कुरुपावर बिब्ब्याचा चटका देण्याचा उपाय घरोघरी ठाऊक होता. डागण्याचे तत्त्व संहितेतलेच, पण संहितेशी त्याचे नाते कोणी जोडले नाही. एकाच कृतीला पोथीत शस्त्रकर्म म्हटले गेले आणि दारात भोंदूगिरी. अर्थात या उपायांचे गोडवे गाण्याचाही आमचा हेतू नाही. बिब्ब्याने कातडी भाजते, आणि मधुमेह असलेल्याने तर कुरूप स्वतः कापणे किंवा औषधाच्या दुकानातली सॅलिसिलिक आम्लाची पट्टी लावणे धोक्याचे असते. प्रश्न उपायाच्या श्रेष्ठत्वाचा नसून स्मृतीचा आहे. लो आणि झकारी यांनी उसन्या पुस्तकांनी का होईना, इतिहासात नाव मिळवले. वैदूंमधल्या एकाही कुशल हाताचे नाव आपल्याला सांगता येत नाही.

शेवटी त्या ग्रीक नावाचे काय झाले, तेही सांगायला हवे. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय संस्थेने 'किरोपॉडी' सोडून 'पोडिअ‍ॅट्री' हे नाव घेतले. ब्रिटनमधली संस्था २०२१ पासून 'रॉयल कॉलेज ऑफ पोडिअ‍ॅट्री' म्हणून ओळखली जाते. या नव्या नावात पाय आहे, वैद्यक आहे. जुन्या नावातला हात तेवढा गळून पडला आहे.