कल आणि कसब



महाडहून पोलादपूरकडे जाताना सावित्रीवरील नवा पूल आपण सहज ओलांडतो. येथील जुना दगडी कमानींचा पूल १९२८ सालचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात तो कोसळला आणि दोन एस.टी. गाड्यांसह कित्येक माणसे वाहून गेली. त्याच वर्षी पावसाळ्यापूर्वी पुलाची पाहणी झाली होती व धोका आढळला नव्हता, असे शासनाने त्या वेळी सांगितले. दोष कोणाचा, हा या लेखाचा विषय नाही. प्रश्न असा की, देखभालीचे काम चांगले कशाने होते?

पुलाचा मोडलेला कठडा कोणालाही दिसतो. पण पुराने खांबाच्या पायाखालचा तळ खरवडला गेला, तर तो वरून दिसत नाही. तेथे पाहावे, अशी शंका मनात येणे हा कल. काय व कसे पाहावे, हे कळणे म्हणजे शिक्षण. दोन्ही असल्याशिवाय कसब पुरे होत नाही.

आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. इंग्रजांच्या आगबोटींवर कोकणी मुसलमान खलाशी पिढ्यान्‌पिढ्या डेकवर राबले. दोराचा पीळ उकलून आतला तंतू कुजला आहे काय, हे पाहण्याचे काम ते सारंगाच्या हाताखाली शिकले. परंतु टिंडल किंवा सारंग, येथवरच बहुतेकांची मजल गेली. अधिकारी होण्यास लेखी परीक्षा व प्रमाणपत्र लागे आणि शाळा त्यांच्या वाट्यास आली नव्हती.

पुढे वाटा मोकळ्या झाल्या. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-इ-इस्लामची मुंबईतील साबू सिद्दीक तंत्रशिक्षण संस्था १९३६ सालची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यात प्रत्यक्ष कामावर शिकण्याची सोय झाली. आज महाडच्या औद्योगिक वसाहतीत पंप, बॉयलर सांभाळणारे जाणते हात रोज लागतात.

पालकहो, मुलाने सायकल उघडली तर रागावू नका. ती तो पुन्हा जोडतो काय, ते पाहा. जोडत असेल, तर दहावीनंतर त्याला आय.टी.आय.ची वाट दाखवा. मुलीचा कल असेल तर तिलाही. कल नसेल, तर केवळ आखातातील पगाराच्या आशेने त्याला या कामास जुंपू नका. यंत्र सांभाळणाऱ्याच्या चुकीची किंमत पुष्कळदा दुसऱ्याच्या जिवाने मोजावी लागते.